पाचवे कारण

मालट्रकखाली माणूस गेला की बऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात, किंवा खानदेशातल्या कोणत्याही गावात, दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. घरचे आणि शेजारचे म्हणतात, त्याची वेळ भरली होती. चौकातले म्हणतात, ड्रायव्हर पिऊन असणार. पहिल्या वाक्यात सगळा भार देवावर जातो, दुसऱ्यात एका माणसावर. एक वाक्य दुःखातून येते आणि दुसरे रागातून, त्यामुळे ती तपासून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही. मला मात्र वाटते की दोन्ही वाक्यांत एकच चूक आहे. अनेक कारणांनी मिळून घडलेल्या गोष्टीला ती एकच कारण देऊन मोकळी होतात. ही चूक वाहतुकीच्या शास्त्रात जितकी महागात पडते तितकीच धर्मविचारातही पडते, कारण ज्या ग्रंथांच्या आधाराने आपण दैवाचे नाव घेतो त्या ग्रंथांनीच असे एकच कारण धरून बसायला मनाई केली आहे.

बऱ्हाणपूर ट्रकवर जगते. तापीकाठच्या या जुन्या कोटबंद शहरात बुधवारा, इतवारा, शनवारा अशी वारांची नावे असलेल्या वस्त्या आहेत. इथल्या यंत्रमागांवरचे कापड आणि बाहेरच्या मळ्यांतली केळी, दोन्ही माल रस्त्याने देशभर जातो. इंदूरहून सिमरोल, भेरूघाट, चोरल, सनावद, खंडवा करत येणारा रस्ता असीरगडाच्या पायथ्याने शहराकडे उतरतो, पुढे शाहपूर आणि इच्छापूरवरून महाराष्ट्रात शिरतो आणि मुक्ताईनगरच्या बाजूला सुरत-नागपूर महामार्गाला मिळतो. वर्षानुवर्षे तो दुपदरीच राहिला, घाटवळणांतून आणि वस्त्यांच्या मधून गेलेला. चौपदरीकरण फार उशिरा हाती घेतले गेले. कापडाच्या गाठी एक दिवस उशिरा पोचल्या तरी फारसे बिघडत नाही. केळीला मात्र थांबता येत नाही. घड कापल्या क्षणापासून मुदत सुरू होते. उन्हात ताडपत्रीखाली माल पिकायला लागला की सुमारे हजार किलोमीटर लांब असलेल्या दिल्लीच्या आझादपूर मंडीत त्याचा भाव पडतो आणि तोटा भाड्यातून कापला जाण्याची भीती ट्रकवाल्याच्या डोक्यावर असते. त्या गाडीचा वेग ड्रायव्हरच्या पायाखाली दिसतो खरा, पण तो ठरलेला असतो मळ्यात, ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात आणि मंडीतल्या अडत्याच्या फोनवर.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. न्याय्य कर्म असो की अन्याय्य, ही पाचही तिथे असतात. आणि हे असताना जो एकट्याला कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असे लगेच पुढे म्हटले आहे. जुन्या भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे देह आणि करणे म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतला. ट्रकच्या बाबतीत मी तो अर्थ बाहेरच्या जगापर्यंत ताणतो आहे, हे उघड आहे: रस्ता हे अधिष्ठान, चालक हा कर्ता, गाडी हे करण, आणि मालक, अडत्या, हमाल, निरीक्षक, अभियंता यांची सगळी धावपळ या चेष्टा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दैवाची जागा. ते यादीत आहे, पण पाचवे आहे, आणि पहिल्या चारांची मोजणी त्याने रद्द होत नाही. शंकराचार्यांनी या ठिकाणी दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता असे म्हटले, डोळ्याच्या बाबतीत सूर्य. रामानुजांनी अंतर्यामी परमात्मा असा अर्थ घेतला. आंधळा योगायोग असा अर्थ दोघांनीही घेतलेला नाही. सूर्य ही डोळ्याची देवता असेल, तर अंधारात मागचा लाल दिवा न लावता रस्त्यावर उभ्या केलेल्या ट्रकवर एखादा दुचाकीस्वार आदळतो तेव्हा दैवाने साथ सोडली असे म्हणताना थोडे थांबायला हवे. डोळ्याला लागणारा प्रकाश तिथे एका माणसाने दिला नव्हता.

करणापासून सुरुवात करू, कारण आजकाल दैवाचे सगळ्यात लोकप्रिय नाव 'ब्रेक फेल' हे आहे. बातमीत हे दोन शब्द आले की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात, जणू ब्रेक हा पावसासारखा आपल्या मर्जीने येतो आणि जातो. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातल्या पळासनेरला एका कंटेनरने समोरची वाहने उडवली आणि तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसे गेली. कारण सांगितले गेले ते ब्रेकचेच. पळासनेरच्या वर बिजासन घाट आहे आणि घाटात बिजासनी देवी, जिला वाकून नमस्कार केल्याशिवाय कित्येक चालक पुढे जात नाहीत. आता अवजड गाडीचे ब्रेक घाट उतरताना कशाने जातात ते पाहू. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरले की ड्रम तापतो आणि फुगतो, लायनरची पकड सुटत जाते, आणि खालच्या वळणावर पाय दाबूनही गाडी थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरणे हा त्यावरचा जुना उपाय. पण त्यात वेळ जातो. दुसरीकडे, डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून उतारावर सोडली, तर इंजिनाचा अडसर जातो, आणि इंजिन बंद असले तर एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने ४८ वाहनांना ठोकरले तेव्हाही आधी ब्रेक फेल असेच म्हटले गेले. तपासानंतर पोलिसांनी सांगितले की चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते. मग चालकावर बोट ठेवून थांबायचे का? डिझेलच्या बचतीवर त्याची चार पैशांची मिळकत अवलंबून ठेवणारी पद्धत कोणी घालून दिली, हा प्रश्न तिथेच सुरू होतो. आणि त्याच पट्ट्यात आधी आणि नंतरही अपघात होत राहिले, तेव्हा तो उतार हे अधिष्ठानही साक्षीला बोलावावे लागते. खड्डा, चुकीचा उतार, फलक नसलेले वळण यांना आपण निसर्गाचा भाग समजत आलो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आले, आणि रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू झाला तर कंत्राटदार व संबंधित प्राधिकरण दंडास पात्र ठरले. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये, म्हणजे रस्त्याच्या खर्चापुढे काहीच नाही, तरी अधिष्ठानालाही जबाबदार माणूस असतो हे कायद्याने मान्य केले, याचे मला मोल वाटते.

चेष्टा हे कारण सगळ्यात कमी दिसते, कारण ती करणारी माणसे अपघाताच्या जागी नसतात. १४ आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मधल्या रात्री यावल तालुक्यातल्या किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला आणि त्याखाली १५ हून कमी नाहीत इतके मजूर मेले. आभोडा, केऱ्हाळे, रावेर या भागातले ते मजूर, म्हणजे बऱ्हाणपूरपासून तासाभराच्या अंतरावरचे. दिवसभर माल उतरवायचा-भरायचा आणि रात्री त्याच मालावर बसून घरी यायचे, ही केळी-पपईच्या पट्ट्यात नित्याची गोष्ट आहे. मालावर माणसे बसली की गाडीचा तोल वर सरकतो, उलटताना त्यांना धरायला काही नसते, आणि माल त्यांच्यावर येतो. मजुरांना परत पोचवायला वेगळी गाडी द्यायची नाही हा निर्णय कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीत आधीच झालेला असतो. जास्त मालाचेही तसेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची कायदेशीर भारक्षमता वाढवली. तीन आसांच्या गाडीला २५ ऐवजी २८.५ टन चालू लागले. २०१९ पासून जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तरी बिल्टीवरचे वजन आणि धर्मकाट्यावरचे वजन जुळत नाही ही तक्रार संपत नाही, कारण जादा टनाचा नफा मालक, व्यापारी आणि डोळेझाक करणारा यांच्यात वाटला जातो, आणि धोका कॅबिनमध्ये बसलेल्या दोघांच्या आणि समोरून येणाऱ्याच्या वाट्याला जातो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांनंतर विश्रांती ठरवली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लागू होता. एकदोन गाड्या बाळगणारा मालक त्याच्या बाहेरच राहिला, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रक अशाच छोट्या मालकांचे. फेरीवर पैसे, बँकेचा हप्ता डोक्यावर, क्लीनरचा पगार वाचवायला एकटाच चालक: यातून पहाटे तीनची डुलकी येते. ती डुलकी पापणीवर उतरली म्हणून आपण तिला त्या माणसाचा दोष म्हणतो.

इथे आकडे पुढे केले जातील, आणि ते करायलाच हवेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली. अपघातांच्या संख्येत तामिळनाडूनंतर मध्य प्रदेशाचा क्रमांक होता. मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या रकान्यात आहेत. मग चालकाचा पाय हेच कारण सिद्ध झाले नाही का? वेगाचा धोका कोणी नाकारू नये. वेग दीडपट झाला की धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते आणि तिला ट्रकच्या वजनाने गुणावे लागते. पण तो रकाना काय घडले ते सांगतो, का घडले ते नाही. अमेरिकेत २००१ ते २००३ या काळात मोठ्या ट्रकच्या सुमारे ९६० अपघातांचा खोल अभ्यास झाला. ज्या अपघातांत निर्णायक क्षण ट्रकच्या बाजूचा होता, त्यांपैकी ८७ टक्क्यांत तो चालकाचा ठरला, आणि तेवढाच आकडा जगभर फिरला. त्याच अभ्यासात २९ टक्के ट्रकच्या ब्रेकमध्ये दोष सापडले होते, थकवा, अनोळखी रस्ता, औषधे यांची नोंद होती, आणि निर्णायक क्षण म्हणजे दोष नव्हे असे अभ्यासकांनी स्पष्ट केले होते. शेवटचा क्षण नेहमीच चालकाच्या हातात असतो, कारण चाक त्याच्या हातात असते. तो क्षण पाहून थांबणाऱ्याला कर्ता दिसतो. बाकीची कारणे तिथपर्यंत येऊन पोचलेली असतात, ती त्याला दिसत नाहीत.

यावरचा गंभीर आक्षेप असा की जबाबदारी पाच ठिकाणी वाटली की ती कोणाचीच उरत नाही, आणि दारू पिऊन गाडी चालवणारा सुटतो. हा धोका खरा आहे. परंतु जबाबदारी ही वाटल्याने कमी होणारी वस्तू आहे, हे गृहीत मला मान्य नाही. पिणाऱ्याने पिण्याचा पूर्ण दोष घ्यायचा, गुळगुळीत टायरवर गाडी पाठवणाऱ्याने त्याचा पूर्ण, आणि न बघता फिटनेसच्या कागदावर सही करणाऱ्याने सहीचा पूर्ण. एकाचा दोष दुसऱ्याच्या दोषातून वजा होत नाही. उलट, सगळे एका माथी मारल्यानेच बाकीचे सुटतात. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमातल्या दुसऱ्या पोटकलमाने अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला चालकांनी देशभर गाड्या उभ्या केल्या आणि ते पोटकलम सरकारने लागू करायचे थांबवले. पळून जाऊन जखमीला मरू देणे हे घोर पाप आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जमावाच्या मारहाणीची भीती खरी होती, आणि सगळ्या साखळीत फक्त शेवटच्या माणसासाठी शिक्षा चढवत नेणारा कायदा न्याय्य वाटत नाही, हे म्हणणेही खरे होते.

दुसरा आक्षेप शास्त्र जाणणाऱ्यांकडून येईल, आणि तो अधिक अवघड आहे. अठराव्या अध्यायातला तो विचार मोक्षाच्या वाटेवरचा आहे. आत्मा अकर्ता आहे हे दाखवायला पाच कारणे मोजली आहेत, गुन्ह्याची वाटणी करायला नाहीत. शिवाय ज्याला अहंकार नाही तो मारूनही मारत नाही, असेही लगेच पुढे सांगितले आहे. तो धागा धरला तर मालक, चालक, अभियंता सगळेच निर्दोष. या आक्षेपाचा पहिला भाग मी मान्य करतो. ग्रंथाचा हेतू मुक्तीचा आहे. पण मुक्तीसाठी सांगितलेले कारणांचे वर्णन व्यवहारात खोटे ठरत नाही. खरे असेल तर ते रणांगणावर खरे आणि महामार्गावरही खरे. दुसऱ्या भागाचे उत्तर त्याच वचनाच्या अटीत आहे. ती सूट निरहंकारी आणि निर्लेप बुद्धीच्या माणसाला आहे. फेरीमागे किती सुटले हे मोजणारा, जादा टनाचा नफा खिशात घालणारा, बिल पास करून घेणारा यांची बुद्धी फळाला चिकटलेलीच आहे. फळ घेताना 'मी' आणि प्रेत उचलताना 'दैव', अशी सोय त्या अध्यायात कुठेही नाही. ज्ञानेश्वरांनी या अध्यायावर सविस्तर लिहिले. त्यांच्या बहिणीच्या नावाचे मुक्ताईनगर याच ट्रकांच्या वाटेवर आहे, आणि तिथे जाणाऱ्या वारकऱ्याला कर्मफळाचा हा हिशेब परका नाही.

तिसरा आक्षेप शोकाचा. गेलेल्या माणसाच्या आईला ब्रेकचे लायनर आणि धर्मकाट्याच्या पावत्या सांगायच्या का? तिला 'वेळ भरली होती' एवढाच आधार असेल तर तो का काढून घ्यायचा? तो काढून घेऊ नये. अपघातानंतर, अश्रूंच्या सोबत उच्चारलेले दैव हे सांत्वन आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. तेच दैव अपघाताच्या आधी, गुळगुळीत टायरकडे बघून उच्चारले की ती सबब होते. मृताच्या पूर्वकर्माचे फळ म्हणणाऱ्यांना तर एवढेच विचारावे की दुसऱ्याचे प्रारब्ध वाचायचा अधिकार त्यांना कोणी दिला. कर्माची गती गहन आहे असे ज्या परंपरेने सांगितले, तिच्यात बाहेरून पाहणाऱ्याने निकाल देणे हेच उद्धटपणाचे आहे. जैन विचारात सिद्धसेन दिवाकरांच्या सन्मतितर्कात काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे येतात, आणि त्यांतले कोणतेही एक पकडून बाकीची सोडणे याला मिथ्यात्व म्हटले आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले, ही हदीस बऱ्हाणपूरच्या विणकर मोहल्ल्यांत सगळ्यांना ठाऊक असते. आणि असीरगडाच्या शिवमंदिरात अश्वत्थामा अजून येतो अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी महाभारताचे सौप्तिकपर्व आठवावे. त्या काळरात्री कृपाचार्यांनी अश्वत्थाम्याला समजावले होते की माणसाची कामे दैव आणि प्रयत्न या दोहोंनी बांधलेली असतात, एकट्याने काही साधत नाही. पाऊस नांगरलेल्या शेतावर पडला तर पीक येते, डोंगरावर पडून काय होणार. अश्वत्थाम्याने ते ऐकले नाही आणि झोपलेल्या माणसांवर जाऊन पडला.

चारही कारणे तपासून झाली तरी काहीतरी उरते, हे मी मनापासून मानतो. नवा टायरही फुटतो, ताजातवाना चालकही अंधारातून उडी घेणाऱ्या रोह्याला चुकवू शकत नाही. त्या उरलेल्या भागाला दैव म्हणायला माझी हरकत नाही, आणि इच्छापूरच्या इच्छादेवीपुढे किंवा बिजासनीपुढे हात जोडणाऱ्या चालकाचा नमस्कार त्या भागासाठी असेल तर तो सार्थ आहे. तो भाग किती मोठा हे मात्र तपासाशिवाय कळत नाही, आणि तपासाची सोय आता आहे. २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. संगणकावरच्या नोंदीत पोलिसांबरोबर परिवहन, रस्ते आणि आरोग्य या खात्यांचेही रकाने आहेत. चालक शेवटचा कधी झोपला, पोचायची वेळ कोणी ठरवली, काट्यावर वजन किती भरले, लायनर कधी बदलले, मागचा दिवा लागत होता का, त्याच वळणावर याआधी किती जण गेले: ही माहिती त्या आठवड्यात कोणाकडे ना कोणाकडे असतेच, नंतर ती पुसली जाते. मृताच्या वारसाने वकिलामार्फत तो सविस्तर अहवाल मागून घ्यावा, रस्त्याच्या आणि वाहनाच्या रकान्यांत काय लिहिले आहे ते वाचावे, आणि तिथे नुसते 'चालकाचा ताबा सुटला' एवढेच असेल तर ते अपुरे आहे असे न्यायाधिकरणाला लेखी कळवावे.